सालदाराचे साल ठरते, मग तुमचे का नको?

चोपडा तालुक्यातील एका वाचकाचे पत्र आले आहे. ते थोडक्यात असे:

"माझे वय 41. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झालो आणि पुणे जिल्ह्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात 13 वर्षे मेंटेनन्स विभागात काम केले. वेल्डिंगच्या लाइनवर रोबो बसल्यानंतर डिसेंबरात आम्हा साठ-सत्तर जणांना एकेक करून बोलावले, राजीनामा लिहून घेतला आणि हातात चेक दिला. शेवटचा पगार 32 हजार होता, त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 16 हजार. चेक 3 लाख 10 हजारांचा आहे आणि पीएफमध्ये सव्वाचार लाख आहेत. मुलांच्या परीक्षा होईपर्यंत बायको आणि दोन्ही मुले पुण्यात भाड्याच्या घरात आहेत. मी गावी आलो आहे. तीन एकर कोरडवाहूवर संसार ओढलेल्या वडिलांना सांगितले आहे की दुरुस्तीसाठी कंपनी काही दिवस बंद आहे. मेव्हणा म्हणतो चहाच्या दुकानाची फ्रँचायझी घे, मित्र म्हणतो शेअर बाजारात ऑप्शनमध्ये टाक, बायको म्हणते जळगावच्या एमआयडीसीत 15 हजारांची का होईना, नोकरी धर. मला स्वतःला मोटार वाइंडिंगचे, म्हणजे शेतीपंपांच्या जळालेल्या मोटारी पुन्हा गुंडाळून देण्याचे, दुकान टाकावेसे वाटते. गावी घर स्वतःचे आहे, महिना 18 हजारांत भागेल असा बायकोचा हिशेब आहे. सगळे पैसे दुकानात घालू का? आणि या वयात नोकरीचा नाद सोडून धंदा करणे शहाणपणाचे आहे का?"

भाऊ,

सर्वांत आधी वडिलांचा विषय घेते. पत्रात तुम्ही तो एका ओळीत उरकला असला, तरी तुमच्या बाकीच्या सगळ्या प्रश्नांवर त्याचीच सावली पडलेली मला दिसते. घरात खरे लपवून बसलेल्या माणसाला काहीतरी चटकन उभे करून दाखवण्याची घाई होते, आणि फ्रँचायझी किंवा ऑप्शनच्या मागे माणूस लागतो तो पुष्कळदा लोभापेक्षा या घाईमुळे लागतो. तुमच्या वडिलांनी तीन एकर कोरडवाहूवर संसार ओढला असे तुम्हीच लिहिले आहे. पेरलेले न उगवणे, उगवलेले ऐन वेळी अवकाळीत जाणे, हातातोंडाशी आलेल्या कापसाचा भाव पडणे, हे सारे त्यांनी तुमच्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा सोसले आहे. नोकरी गेल्याचे त्यांना वाईट वाटेल. मात्र ती का गेली हे त्यांना समजणार नाही, असे गृहीत धरू नका. हे उत्तर वाचाल त्याच दिवशी त्यांना सांगा.

आणि सांगताना स्वतःला आरोपी समजू नका. 2022-23 च्या वार्षिक उद्योग पाहणीनुसार देशातील नोंदणीकृत कारखान्यांमधील कामगारांपैकी 40 टक्क्यांहून अधिक कामगार कंत्राटी होते. कायम कामगाराची जागा कंत्राटी कामगाराने आणि काही ठिकाणी यंत्राने घेण्याची प्रक्रिया गेली कित्येक वर्षे चालू आहे. तुमच्या वाट्याला ती या डिसेंबरात आली. ज्या संगणक क्षेत्राकडे आपण पक्क्या नोकरीचे उदाहरण म्हणून पाहत होतो, तिथेही 2025 च्या जुलैत टीसीएससारख्या कंपनीने आपल्या मनुष्यबळापैकी सुमारे 2 टक्के, म्हणजे 12 हजारांच्या आसपास माणसे कमी करण्याचे जाहीर केले. जळगाव, धुळे, अमळनेर आणि चाळीसगाव या गावांनी कापड गिरण्यांचे भोंगे ऐकले आहेत आणि ते बंद पडल्यानंतरची शांतताही अनुभवली आहे. त्या गिरण्यांतील कामगार काही आळशी नव्हते.

आता पैशाकडे वळू. धंद्याचा विचार करण्याआधी तुमचे जे येणे आहे ते पुरते आले का, हे पाहणे आवश्यक आहे, आणि मला त्याची खात्री वाटत नाही. पाच वर्षांहून अधिक सेवा झालेल्या माणसाने राजीनामा दिला असला तरी ग्रॅच्युइटीचा हक्क बुडत नाही. तिचा हिशेब सरळ आहे: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांना 26 ने भागून, 15 ने गुणून, पुन्हा सेवेच्या वर्षांनी गुणायचे. तुमच्या 16 हजारांवर 13 वर्षांचे बरोबर 1 लाख 20 हजार रुपये होतात. शिवाय कामगार कपातीत प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई द्यावी लागते. 13 वर्षांची ती साडेसहा महिन्यांच्या पगाराएवढी, पूर्ण 32 हजारांवर धरली तर दोन लाखांच्या आसपास भरते; कायद्यातल्या पगाराच्या व्याख्येत काही भत्ते धरले जात नाहीत, त्यामुळे ती कमीही भरू शकते. एक महिन्याची नोटीस दिली नसेल तर त्या महिन्याचा पगार वेगळा. पूर्ण पगार धरून एवढे तीनच आकडे मिळवले तरी बेरीज साडेतीन लाखांच्या घरात जाते, आणि शिल्लक रजेचे पैसे त्यात धरलेले नाहीत. तुमचा चेक 3 लाख 10 हजारांचा आहे.

यातली ग्यानबाची मेख त्या राजीनाम्यात आहे. स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला कपातीची भरपाई देय होत नाही, आणि म्हणूनच एकाच आठवड्यात साठ-सत्तर माणसांना एकदम "वैयक्तिक कारण" सुचते. तुमची नोकरी 21 नोव्हेंबर 2025 रोजी औद्योगिक संबंध संहिता हा नवा कामगार कायदा लागू झाल्यानंतर गेली आहे. त्या संहितेनुसार कपात झालेल्या कामगाराला मालकाने दिलेल्या वर्गणीतून 15 दिवसांच्या पगाराइतकी रक्कम, नवे कौशल्य शिकता यावे म्हणून, 45 दिवसांत त्याच्या खात्यात मिळावयाची असते. राजीनामा म्हटले की तीही हातची जाते. म्हणून कंपनीकडे लेखी पत्र पाठवून त्या चेकमध्ये कोणत्या मथळ्याखाली किती रक्कम आहे याचा तपशील मागा. पत्र स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा. सोबतच्या साठ-सत्तर जणांपैकी जे तयार असतील त्यांनी मिळून, कारखाना ज्या जिल्ह्यात आहे तेथील कामगार आयुक्तालयाच्या कार्यालयात अर्ज करावा आणि राजीनामे एकाच वेळी, एकाच मसुद्यात लिहून घेतले गेले हे तारखांसह दाखवावे. या पहिल्या पायरीला वकील लावण्याची गरज नसते. मात्र उशीर करू नका. चार महिने गप्प बसलेल्या माणसाचा राजीनामा हा खरोखरच राजीनामा वाटू लागतो.

पीएफला हात लावू नका. 2024-25 या वर्षासाठी त्यावर 8.25 टक्के व्याज जाहीर झाले होते आणि नोकरी सुटली म्हणून ते व्याज लगेच थांबत नाही. तुमची निवृत्तिवेतन योजनेतील सेवा दहा वर्षांच्या पुढे गेली असल्यामुळे 58 व्या वर्षी तुम्हाला पेन्शनचा हक्क आहे. ती रक्कम मोठी नसेल, पण दुकान चालो वा न चालो, ती येत राहील. खात्यात नाव, जन्मतारीख आणि नोकरी सोडल्याची तारीख बरोबर नोंदली गेली आहे का, तेवढे मात्र आताच तपासून घ्या. कंपनीचा आरोग्य विमाही आता संपला असेल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातील शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वर्षाला 5 लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे, म्हणून रेशनकार्डावर चौघांची नावे व्यवस्थित आहेत ना, हे पाहणे या महिन्याचे काम समजा.

उरला तो 3 लाख 10 हजारांचा चेक. यातले दहा महिन्यांचे घरखर्चाचे 1 लाख 80 हजार आणि एप्रिलपर्यंत पुण्यातला खर्च गावापेक्षा जास्त म्हणून आणखी 30 हजार, हे पैसे बायकोच्या नावावर वेगळ्या खात्यात टाका आणि ते धंद्यासाठी नाहीतच असे समजा. हातात एक लाख उरतात. तेवढेच तुमचे भांडवल. सात लाखांचा धनी म्हणून दुकान काढायला निघालात तर गाळा मोठा घ्याल, काच लावाल, पाटी लावाल. एक लाखाचा धनी म्हणून निघालात तर आधी गिऱ्हाईक शोधाल. तुमच्या मित्राच्या ऑप्शनविषयी एवढेच सांगते की 2021-22 ते 2023-24 या तीन आर्थिक वर्षांत या प्रकारच्या व्यवहारांत उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के लोक तोट्यात गेले, असा शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचाच अभ्यास आहे. चहाच्या फ्रँचायझीत नाव दुसऱ्याचे, माल दुसऱ्याचा, भाव दुसऱ्याने ठरवलेला आणि तोटा तेवढा तुमचा. शिवाय तेरा वर्षे जे हात पॅनल उघडत होते त्यांनी चहा गाळायचा, यात तुमचे कोणते कौशल्य कामी येते, हे मेव्हण्यांनाच विचारा.

आता तुमच्या मूळ प्रश्नावर येते. नोकरी गेली की स्वयंरोजगार हाच मार्ग, असे आज सगळीकडून ऐकू येते आणि आकडेही वरवर तसेच दिसतात. केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार काम करणाऱ्यांमध्ये स्वयंरोजगार करणाऱ्यांचे प्रमाण 2017-18 मध्ये सुमारे 52 टक्के होते, ते 2023-24 मध्ये 58 टक्क्यांवर गेले. मात्र याच आकड्यांत खोल शिरले की आणखी एक गोष्ट दिसते: 2023-24 मध्ये काम करणाऱ्या दर शंभर जणांतले एकोणीस जण असे होते, की जे घरच्या धंद्यात किंवा शेतीत मदत करतात आणि ज्यांना त्याबद्दल एक पैसाही मिळत नाही. त्यांचीही गणना स्वयंरोजगारात होते. म्हणजे ज्याला आपण धंदा म्हणतो, तो पुष्कळ घरांत बिनपगारी राबणेच असतो, आणि कोणी हिशेब मांडत नाही म्हणून तो चालल्यासारखा वाटतो.

म्हणून तुम्हाला एक खान्देशी हिशेब सुचवते. आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचे, साल ठरते. वर्षाला रोख किती, धान्य किती, कपडे, चप्पल, सणाची उचल, हे सगळे बोलून ठरल्यावरच सालदार कामाला लागतो. काहीच न ठरवता "होईल तेवढे देऊ" म्हणणाऱ्या मालकाकडे कोणताही शहाणा सालदार राहणार नाही. तुम्ही मात्र स्वतःच्या दुकानात स्वतःच सालदार राहणार आहात आणि तुमचे साल किती, हे पत्रात कुठेही नाही. भांडवल आहे, जागेचा विचार आहे, मजुरीचा उल्लेख नाही. तुमची मजुरी महिना 18 हजार, म्हणजे 26 दिवस काम धरले तर रोजचे सातशे रुपये. गाळ्याचे भाडे, वीज, पेट्रोल आणि फोन मिळून समजा सहा हजार. तांब्याची तार, वार्निश, इन्सुलेशन पेपर आणि बेअरिंगचा खर्च जाऊन एका मोटारीमागे सरासरी आठशे रुपये सुटतात असे धरले, तर महिन्याला तीस मोटारी झाल्या पाहिजेत. आठशे हा आकडा मी उदाहरणासाठी घेतला आहे. खरा आकडा चोपड्यातल्या किंवा अडावदच्या एखाद्या जुन्या मिस्तरीकडे चार दिवस बसून काढा. पण आकडा कोणताही निघो, प्रश्न तोच राहतो: श्रावण-भाद्रपदात, विहिरी भरलेल्या आणि मोटारी बंद असताना, तीस मोटारी येणार आहेत का?

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझे वडील खान्देशातील एका कापड गिरणीत साच्यावर होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी सातवीत होते. हिशेबाचे जे पैसे मिळाले ते सगळेच्या सगळे घालून वडिलांनी आमच्याच गल्लीत किराणा दुकान काढले. गल्ली सगळी गिरणी कामगारांची, सगळ्यांचीच नोकरी गेलेली, आणि वडिलांचा स्वभाव असा की शेजारच्या लेकराला तेल नाही म्हणून परत पाठवणे त्यांना जमत नसे. दुकान पावणेदोन वर्षे चालले. त्या काळात घरात जो गूळ, जी डाळ आली ती दुकानातूनच आली आणि तिची नोंद कुठेच झाली नाही. सकाळी पाचपासून गल्ल्यावर बसणाऱ्या आईची मजुरी तर कोणाच्या स्वप्नातही आली नाही. शेवटी उधारीची वही जाड झाली आणि फळ्या रिकाम्या झाल्या. वडील पुढे एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यात, काट्यावर लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. दुकान बुडाले ते त्यांच्या कष्टात कमतरता होती म्हणून नव्हे. गिऱ्हाईकाकडे पैसा कधी येतो याचा विचार न करता त्यांनी ते काढले होते, एवढेच.

आता तुमच्या गिऱ्हाइकाकडे पैसा कधी येतो ते पाहा. चोपडा, यावल, रावेर हा तापीकाठचा केळीचा पट्टा. कूपनलिका खोल, मोटारी मोठ्या, आणि शेतीला थ्री-फेज वीज ठरावीक तास, आठवड्यातले काही दिवस रात्रीच. दाब कमी असताना मोटार ओढली किंवा एखादा फेज गेला आणि स्टार्टरने वेळेत सोडले नाही, की वाइंडिंग जळते. माघापासून ज्येष्ठापर्यंत हे काम भरपूर असते, आणि केळीचे पाणी दोन दिवस चुकले तर बाग खालावते म्हणून शेतकरी मोटार त्याच दिवशी मागतो. काम त्याच दिवशी हवे असते, पैसे मात्र केळी कापली की, कापूस विकला की, बिल निघाले की मिळतात. तो फसवत नसतो. त्याच्याही हातात त्या दिवशी नसतात. म्हणून निदान तांब्याच्या तारेचे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय मोटार खोलायची नाही, हा नियम पहिल्या गिऱ्हाइकापासून ठेवा, आणि ते पहिले गिऱ्हाईक सख्खा चुलता असला तरी ठेवा. मजुरी थोडी थांबली तर चालेल. दुसऱ्याच्या मोटारीत तुमचे तांबे अडकता कामा नये.

एक गोष्ट मला स्पष्ट विचारायची आहे. तुम्ही स्वतःच्या हाताने आजवर किती मोटारी गुंडाळल्या? मोठ्या कारखान्यात मोटार जळली की मेंटेनन्सचा माणूस ती उतरवतो, दुसरी चढवतो आणि जळलेली वाइंडिंगसाठी बाहेर पाठवतो. पाण्यातली सबमर्सिबल हा तर आणखी वेगळाच प्रकार. तिची तार वेगळी, तिचे सील वेगळे आणि ती कूपनलिकेतून चेन-पुलीने वर काढणे हे एकट्याचे काम नाही. तुमच्या तेरा वर्षांत ते शिकायची वेळच आली नसेल तर त्यात लाजण्यासारखे काही नाही, पण मग दुकान टाकून शिकू नका. अग्रणी बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. तेथील निवासी प्रशिक्षण विनामूल्य असते आणि मोटार रिवाइंडिंग हा त्यांच्या विषयांपैकी एक आहे. त्याहून चांगले म्हणजे एखाद्या जुन्या मिस्तरीच्या हाताखाली हा उन्हाळा काढा. एकेचाळिसाव्या वर्षी हाताखाली राहणे जड जाईल, हे मला समजते. तरीही एप्रिल-मेच्या गर्दीत अशा दुकानात जे कळेल ते कोणताही वर्ग शिकवणार नाही, आणि कोणता शेतकरी पैसे देतो व कोणता फिरवतो, हेही तिथेच कळेल.

दुसरीकडे, जे तुम्हाला येते ते या भागातल्या फार थोड्या लोकांना येते, आणि पत्रात तुम्ही त्याचा साधा उल्लेखही केलेला नाही. कंट्रोल पॅनल, सेन्सर, ड्राइव्ह, रिले, बिघाड नेमका कुठे आहे हे मीटर लावून पद्धतशीर शोधून काढणे, आणि मुख्य म्हणजे बिघाड होण्याआधी देखभाल करणे, हे तेरा वर्षांचे शिक्षण आहे. जळगावच्या डाळ मिल, तालुक्यातालुक्यांतील जिनिंग-प्रेसिंग, केळी पिकवण्याची रायपनिंग चेंबर आणि शीतगृहे यांना मोटार जळल्यावर गुंडाळून देणारा मिस्तरी सापडतो; मोटार जळूच नये म्हणून महिन्यातून दोनदा येऊन पॅनल तपासणारा, बेअरिंगचा आवाज ऐकणारा, केबलचे इन्सुलेशन मेगर लावून पाहणारा माणूस सहसा सापडत नाही. अशा पाच ठिकाणी महिना तीन हजारांचा वार्षिक देखभाल करार झाला असे समजा, तर पंधरा हजार ठरलेल्या तारखेला येतील आणि पावसाळ्यातही येतील. वहिनींना जी नोकरीची खात्री हवी आहे ती बरीचशी यात आहे, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नाही, हे मी मुद्दाम सांगते. जिनिंगचा हंगाम साधारण दिवाळीपासून होळीपर्यंतचा. येत्या हंगामात एखाद्या जिनिंगने तुम्हाला पगारावर इलेक्ट्रिशियन म्हणून घेतले, तर ते खुशाल घ्या. अर्धे वर्ष पगार आणि अर्धे वर्ष स्वतःचे काम, यात कमीपणा कसला?

सौर पंपांकडेही लक्ष ठेवा. "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या 10 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला 5 टक्के एवढाच हिस्सा भरावा लागतो, त्यामुळे शिवारात पॅनल झपाट्याने उभे राहत आहेत. या पंपांच्या दुरुस्तीची जबाबदारी पहिली पाच वर्षे पुरवठादार कंपनीवर असल्याने शेतकरी तुमच्याकडे पैसे घेऊन येणार नाही. पण त्या कंपन्यांना तालुक्यात हाताशी असलेला, कंट्रोलर उघडून समजून घेणारा माणूस लागतो, आणि तुम्ही तो माणूस आहात. वीजजोडणीची कामे अधिकृतपणे घ्यायची असतील तर वायरमनचा परवाना व ठेकेदाराची अनुज्ञप्ती यांची चौकशी विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात आधी करा. परवान्याशिवाय केलेल्या कामावर अपघात झाला तर एक लाखाचे भांडवल एका दिवसात जाते, आणि जबाबदारी आयुष्यभर राहते.

काम सुरू करताना उद्यम नोंदणी अवश्य करा. ती आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते व तिला कोणतेही शुल्क नाही, त्यामुळे तिच्यासाठी हजार-दोन हजार मागणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. या नोंदणीचा खरा उपयोग कारखान्यांकडून पैसे वसूल करताना होतो. नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत चुकते करणे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या 2006 च्या कायद्याने खरेदीदारावर बंधनकारक आहे, आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने व्याज लागते. शेतकऱ्यापुढे हा कायदा काढायचा नसतो, डाळ मिलच्या शेटजींपुढे मात्र बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक छापलेला असावा.

कर्जाचे म्हणाल तर आज नको. मुद्रा योजनेत 50 हजारांपर्यंत शिशु आणि 5 लाखांपर्यंत किशोर गटात विनातारण कर्ज मिळते. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात जिल्हा उद्योग केंद्रामार्फत प्रकल्पाच्या 15 ते 35 टक्के अनुदान आहे. योजना चांगल्या आहेत आणि ज्याचे काम बसले आहे त्याला त्या वर नेतात. अडचण अशी होते की अनुदान मोठे दिसावे म्हणून माणूस प्रकल्प मोठा दाखवतो, नको ते यंत्र घेतो आणि हप्ता पहिल्या वर्षीच सुरू होतो. अनुदानाची रक्कम मात्र तीन वर्षे बँकेतच ठेव म्हणून राहते. तुमचे पाच करार झाले, एक पावसाळा निघाला आणि गुंडाळणीचे यंत्र रोज चार तास चालू लागले, की मग प्रकल्प अहवाल घेऊन जळगावला जा.

वहिनींविषयी एक सांगायचे राहिले. हिशेब त्यांचा पक्का आहे, हे त्या 18 हजारांवरून दिसतेच. फोन घेणे, वह्या ठेवणे, उधारीची आठवण करून देणे हे काम उद्या त्यांच्याकडेच येईल. तसे झाले तर त्यांची मजुरीही पहिल्या दिवसापासून खर्चात धरा, भले ती महिना तीन हजार असो, आणि ती त्यांच्या खात्यात प्रत्यक्ष जमा करा. शंभरातल्या त्या बिनपगारी एकोणीस जणांत आणखी एकीची भर तुमच्या घरातून पडू नये.

यंदाची आखाजी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आहे. तोवर मुलांच्या परीक्षा उरकतील, घर गावी येईल, कंपनीकडून तपशिलाचे उत्तर आलेले असेल किंवा आले नाही म्हणून कामगार कार्यालयात अर्ज गेलेला असेल, आणि मिस्तरीकडचे तुमचे दोन महिने होत आलेले असतील. त्या दिवशी पुरणपोळी झाल्यावर वडिलांच्या समोर वही घेऊन बसा आणि पुढच्या आखाजीपर्यंतचे तुमचे साल किती ठरवायचे, ते त्यांनाच विचारा. त्यांनी आयुष्यात सालदारही ठेवले असतील किंवा कुणाकडे साल केलेही असेल. हा आकडा तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा त्यांना बरोबर सांगता येईल.